पिंडारीचा बर्फ, नगरचा दुष्काळ

पाऊस पडला नाही तर रकान्यात काय लिहायचं? कचेरीत नव्यानं लागलेला प्रत्येक कारकून पहिल्या जूनमध्ये हे विचारतो. मीही विचारलं होतं. आमचे अव्वल कारकून पान जमवता जमवता म्हणाले, “शून्य लिही. मोकळं सोडलंस तर उद्या कुणी म्हणेल पाऊस नव्हता, आणि कुणी म्हणेल कारकून नव्हता.”

नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तहसील कचेरीत माझी बरीचशी नोकरी गेली. कचेरीच्या मागं तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक. जुना, सायमन्सचा: पाच इंच तोंडाचं नरसाळं, काठ जमिनीपासून फूटभर वर, आत बाटली. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मापनळीत ओतायचं, आकडा वहीत चढवायचा आणि जिल्ह्याला कळवायचा. अडीच मिलिमीटर भरला तर तो ‘पावसाचा दिवस’; २.४ भरला तर सरकारदरबारी तो दिवस कोरडाच. गारा पडल्या की काम वाढायचं. कोमट पाणी मोजून घ्यायचं, गारांवर ओतायचं, सगळं वितळलं की मोजायचं आणि ओतलेलं त्यातून वजा करायचं. बर्फाशी माझा सरकारी संबंध आला तो एवढाच. तरी निवृत्त झाल्यावर मी वाचत बसलो ते हिमनद्यांवर. आपण रोज सकाळी पाठवत होतो ते आकडे जातात कुठं, हे शोधायला निघालो, आणि वाट हिमालयात गेली.

आमचा जिल्हा पावसाच्या बाबतीत एक जिल्हा नाहीच. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला आषाढात छत्री कुचकामी ठरते. तिथला पाऊस अडवायलाच भंडारदऱ्याचं धरण १९१० साली सुरू होऊन १९२६ मध्ये पुरं झालं. आणि इकडं पाथर्डी, जामखेड, कर्जतला वर्षाचे पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पडले तरी माणसं खुशीत असतात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. जुन्या कागदांत अहमदनगर, आणि इंग्रजांच्या कागदांत स्पेलिंग ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणं. दप्तर शोधणाऱ्यानं ही सगळी नावं ध्यानात ठेवावीत, नाहीतर कपाटातला कागद कपाटातच राहतो.

१८७६ साली परतीच्या पावसानं दख्खनकडं पाठ फिरवली. आमच्या भागाचं सगळं रब्बीवर आणि रब्बी सगळी परतीच्या पावसावर. पुढच्या दोन वर्षांत मुंबई इलाखा, मद्रास, म्हैसूर आणि निजामाचा मुलूख मिळून किती माणसं गेली, त्याचा अंदाज पन्नास लाखांच्या वर जातो. दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे, असा हिशेब सरकारनं दुष्काळासाठी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी बसवला. त्यावर दख्खनमधल्या मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची हकिगत जमवून सरकारला पत्रांवर पत्रं लिहिली. दौंड-मनमाड लोहमार्गाचं काम त्याच काळातलं. गाडी १८७८ साली धावू लागली. नगरहून मनमाडला जाणारे आम्ही लोक आजही दुष्काळी भरावावरूनच जातो.

या दुष्काळाची चौकशी करायला १८७८ मध्ये जो आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष होते सर रिचर्ड स्ट्रेची. दुष्काळाच्या पुस्तकांत हे नाव हटकून भेटतं. पण त्याआधी तीस वर्षं, लष्करी इंजिनिअर असलेले तरुण स्ट्रेची कुमाऊंच्या डोंगरांत पिंडारी हिमनदीचा बर्फ किती सरकतो ते मोजत होते. हिमालयात खऱ्याखुऱ्या हिमनद्या आहेत की नुसता पडून राहिलेला बर्फ आहे, याचीच तेव्हा युरोपातल्या विद्वानांना शंका होती. स्ट्रेचींनी १८४७ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात पिंडर आणि कफनी या नद्यांच्या उगमाशी असलेल्या हिमनद्यांचं वर्णन छापलं आणि शंका मिटवली. मला नवल वाटतं ते या योगायोगाचं: ज्या माणसानं हिमालयातल्या बर्फाचं पहिलं नीट दप्तर मांडलं, त्याच्याच पुढं आमच्या उपासमारीचे कागद गेले. हवामान खातं असावं म्हणून ज्यांनी जोर लावला त्यांतही स्ट्रेची होतेच. ते खातं १८७५ साली निघालं आणि त्याचे पहिले प्रमुख झाले हेन्री ब्लॅनफर्ड.

ब्लॅनफर्डना नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी दुष्काळ पाहावा लागला. पुढचा पाऊस आधी कळेल का, हा प्रश्न सरकार त्यांना विचारत राहिलं. त्यांनी बर्फाकडं पाहिलं. पश्चिम हिमालयात हिवाळा सरतानाही भरपूर बर्फ पडला, उशिरापर्यंत राहिला, तर तिकडून कोरडे थंड वारे मैदानात उतरतात आणि पावसाळा कमजोर पडतो, असं त्यांचं म्हणणं. १८७७ च्या अनुभवावर त्यांची भिस्त होती. हा निबंध १८८४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रसिद्ध झाला. त्याच १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा सतरावा खंड निघाला, तो आमच्या जिल्ह्याचा. जिल्ह्याच्या पिकापाण्याची, पावसाची आणि दुष्काळांची हकिगत त्यात आहे. एका बाजूला कोरड्या शेतांचं पुस्तक, दुसऱ्या बाजूला बर्फाचा निबंध. दोन्ही एका वर्षीचे, आणि दोन्हींच्या मुळाशी १८७६.

१८८६ पासून ब्लॅनफर्ड पावसाळ्याचा अंदाज दर वर्षी काढू लागले. त्याला लागणारी बर्फाची खबर डोंगरातल्या ठाण्यांवरून, घाटवाटा उघडल्या की नाहीत यावरून, अधिकाऱ्यांच्या पत्रांतून यायची. म्हणजे तिथंही कुणीतरी आमच्यासारखाच बसलेला असणार. ब्लॅनफर्डनंतरच्या जॉन एलियट यांनी अंदाजाचा पसारा वाढवला. १८९९ साली त्यांनी पाऊस बरा होईल असं सांगितलं, आणि त्या वर्षी पडला तो दुष्काळ नगर जिल्ह्यानं पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवला. अंदाज चुकला यात मला फारसं वावगं दिसत नाही. मोजक्या वर्षांच्या नोंदींवर एवढ्या मोठ्या देशाचं भाकीत करायचं, तर ते चुकणारच. मात्र चुकीची नोंदही राहिली, म्हणून पुढच्याला काम करता आलं.

पुढचे म्हणजे गिल्बर्ट वॉकर. गणिती माणूस. १९०४ मध्ये खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी देशोदेशीचे आकडे मागवले: दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा पाऊस, मॉरिशसवरचा हवेचा दाब आणि मे अखेरीला हिमालयात साठलेला बर्फ. खोलीभर देशी कारकून हातानं गुणाकार-भागाकार करत बसत. त्या आकडेमोडीतून प्रशांत महासागरावरचा हवेच्या दाबाचा तो झोका सापडला, ज्याच्याशी आजचं एल निनोचं शास्त्र जोडलेलं आहे. वॉकर यांचं नाव झालं, व्हायलाच हवं. कारकुनांची नावं हजेरीपटावर असतील.

इकडं बर्फ मोजणारे वेगळ्याच कामाला लागले होते. १८९४ साली झुरिकमध्ये हिमनद्यांचा आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. जगभरच्या हिमनद्यांची टोकं कुठं आहेत ते ठराविक काळानं पाहत राहायचं, एवढाच त्याचा साधा उद्देश. त्याच्या विनंतीवरून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस हॉलंड यांनी १९०६ मध्ये माणसं पाठवली. कॉटर आणि ब्राउन हे दोघं कुमाऊंत गेले. मिलाम, पिंडारी या हिमनद्यांच्या मुखाशी नकाशे काढले, खडकांवर खुणा केल्या, ठराविक जागी उभं राहून छायाचित्रं घेतली. आपल्यामागून येणाऱ्याला तीच जागा सापडावी, याची काळजी त्यांनी घेतली होती. अहवाल १९०७ साली सर्वेक्षणाच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये छापून झाला. हा मला त्या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुज्ञ कागद वाटतो. त्यात सिद्धान्त जवळजवळ नाहीच. खूण कुठं केली, ती हिमनदीच्या मुखापासून किती फुटांवर आहे, फोटो कुठून घेतला, एवढंच. मोजणीचा दगड पुरणाऱ्या भूकरमापकाला हे लगेच कळेल. शेजारी भांडायला आले तर दगड बोलतो.

पिंडारीचं टोक १८४५ पासून १९६६ पर्यंत २,८४० मीटर मागं गेलं, हे अशा खुणांमुळंच सांगता येतं. आता एक गंमत. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचा २००७ चा अहवाल जगभर गाजला, त्या समितीला नोबेल मिळालं. त्यातल्या हिमालयाच्या तक्त्यात पिंडारीपुढं हीच सालं आणि हेच अंतर दिलेलं आहे, आणि शेजारी मागं सरण्याचा वेग लिहिला आहे वर्षाला १३५.२ मीटर. कागद-पेन्सिल घ्या. १८४५ ते १९६६ म्हणजे १२१ वर्षं. २,८४० भागिले १२१, उत्तर येतं साडेतेवीसच्या आसपास. १३५.२ यायला भागाकार २१ नं करावा लागतो. शतकाचा एक आकडा हातून गळाला, बस्स. आमच्या कचेरीत बेरीज चुकली तर नायब तहसीलदार वही परत फेकायचे.

त्याच अहवालात ते दुसरं प्रसिद्ध वाक्यही होतं, हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असं. त्यांचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरवरून एक लाखावर येईल, असं पुढं जोडलेलं. अख्खा महाराष्ट्र तीन लाख आठ हजार चौरस किलोमीटरचा. हिमालयात दीड महाराष्ट्र भरेल एवढा हिमनद्यांचा बर्फ नाही, हे नकाशा समोर ठेवला असता तरी लक्षात आलं असतं. मूळ मजकूर रशियन शास्त्रज्ञ कोटल्याकोव्ह यांच्या १९९६ च्या युनेस्कोच्या अहवालात होता. तो ध्रुवप्रदेश सोडून साऱ्या जगातल्या हिमनद्यांबद्दल होता, आणि साल होतं २३५०. जानेवारी २०१० मध्ये समितीनं चूक मान्य केली. त्याच्या थोडं आधी, २००९ मध्ये, भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झालेले व्ही. के. रैना यांनी केंद्र सरकारसाठी एक टिपण लिहिलं होतं. ते बरंचसं जुन्या खुणांच्या आधारानं लिहिलेलं.

एवढ्यावरून हिमनद्यांना काही झालेलं नाही असा सोयीचा अर्थ काढणारेही खूप निघाले. तोही कागद न वाचण्याचाच प्रकार. हिमनद्यांचे अभ्यासक अनिल कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली चिनाब, पार्वती आणि बास्पा या खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्यांचा हिशेब मांडला. एका बाजूला १९६२ चे सर्वे ऑफ इंडियाचे नकाशे, दुसऱ्या बाजूला उपग्रहाची चित्रं. १९६२ मध्ये २,०७७ चौरस किलोमीटर असलेलं क्षेत्र १,६२८ वर आलेलं होतं, म्हणजे एकवीस टक्के घट. बर्फ कमी होतोय हे सांगायलाही जुनाच नकाशा लागला. उपग्रह आज काय आहे ते दाखवतो. काल काय होतं ते तो काढू शकत नाही.

हवामान खात्याचं मुख्य ठाणं १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात, चौकालाही तेच नाव. नगरहून पुण्याला येणारे किती लोक त्या चौकातून जातात, आणि किती जणांना ठाऊक असतं की आपल्या तालुक्याचा पाऊस याच शहरात जाऊन निजतो! देशभरच्या नोंदी जपणारं खात्याचं डेटा केंद्र पुण्यातच आहे.

बर्फाचा आणि पावसाचा ब्लॅनफर्डनं जोडलेला धागा मधल्या काळात विरला होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर अंदाजाच्या सूत्रांतून बर्फ बाहेर पडला. १९७६ मध्ये हान आणि जगदीश शुक्ल यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून युरोप-आशियातला बर्फ मोजला आणि ते नातं पुन्हा दाखवलं. मग आपल्या पुण्याच्या डॉ. वसंत गोवारीकरांनी सोळा घटकांचं सूत्र बसवलं. १९८८ पासून खात्याचा अंदाज त्यावर निघू लागला. सोळांत हिमालयातला बर्फ होता आणि युरोप-आशियातलाही. शेतकऱ्यांच्या तोंडी गोवारीकरांचं नाव आलं, वर्तमानपत्रांत सोळा घटकांची चित्रं आली. २००२ मध्ये मात्र सूत्र हुकलं. जुलै कोरडा गेला, देशाचा पाऊस सरासरीच्या एकोणीस टक्के खाली राहिला, आमच्याकडं टँकर आणि छावण्या आल्या. दुसऱ्या वर्षी खात्यानं सूत्र बदललं. त्या जुलैची पानं शून्यांनी भरलेली आहेत. बदललेलं सूत्र बसवायलाही तीच शून्यं लागली असणार.

ध्रुवांकडं मराठी माणूस उशिरा गेला, पण गेला. नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या पंत घराण्यातल्या डॉ. अदिती पंत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत होत्या. १९८३ च्या डिसेंबरात तिसऱ्या मोहिमेबरोबर त्या अंटार्क्टिकाला निघाल्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या आपल्या मोहिमेतून तिथं गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. त्याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपलं पहिलं ठाणं उभं राहिलं, आणि काही वर्षांत बर्फाखाली गाडलं जाऊन सोडून द्यावं लागलं. ठाणं गेलं तरी त्याच नावाच्या हिमनदीचं टोक मोजण्याचं काम १९८३ पासून चालू राहिलं. कॉटर-ब्राउनचीच रीत, फक्त वारा जास्त. अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे दंडगोल गोव्यात वास्कोजवळ सडा इथल्या ध्रुवीय संशोधन केंद्रात उणे वीस अंशांवर ठेवलेले असतात. बाहेर समुद्राची चिकट हवा आणि आत शतकांपूर्वीचा हिमवर्षाव. वीज गेली तर? केंद्रानं त्याची तजवीज केलेलीच असणार; पण ज्यानं रेकॉर्ड रूममध्ये वाळवी पाहिली आहे, त्याच्या मनात हा प्रश्न आधी येतो.

बर्फ स्वतःही दप्तर ठेवतो, आणि त्यात आमचा दख्खन सापडतो. १९९७ मध्ये अमेरिकी हिमनदी-अभ्यासक लॉनी थॉम्पसन आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी तिबेटच्या बाजूला शिशापांग्मा शिखराजवळ, सुमारे ७,२०० मीटर उंचीवरच्या दासुओपू हिमनदीत छिद्रं पाडून बर्फाचे दंडगोल काढले. पाऊसकाळ बुडाला की मैदानातली धूळ उडून वर जाते आणि त्या वर्षीच्या थरात बसते. त्या थरांत गेल्या हजार वर्षांतला सर्वांत वाईट काळ निघाला तो १७९० ते १७९६. पुण्याला सवाई माधवरावांची पेशवाई होती, १७९२ मध्ये महादजी शिंदे पुण्यात येऊन बसले होते, आणि १७९१-९२ चा दुष्काळ दक्षिणेतल्या लोकांनी भोगलाच होता. पेशवे दप्तर वाचणाऱ्यांनी ही दोन दप्तरं शेजारी शेजारी मांडून वाचावीत अशी माझी फार इच्छा आहे. एक मोडीत, दुसरं धुळीत.

आता माझ्या आकड्यांचं काय झालं ते. पुण्याच्या हवामान खात्यातल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये देशाच्या रोजच्या पावसाचा चौकोना-चौकोनांचा नकाशा प्रसिद्ध केला. १९०१ पासूनचा, ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून केलेला. एवढ्या स्थानकांपैकी कुठल्याही एका वर्षी सरासरीनं निम्म्याहून कमी स्थानकांच्याच नोंदी हाताशी असतात. काही ठाणी बंद पडली, काही उशिरा निघाली, आणि काहींचे कारकून रजेवर होते. मोकळ्या जागी संगणक शेजारच्या ठाण्यांवरून अंदाज करतो. आमच्यासारख्या भागात हे धोक्याचं आहे. एका शिवारात ओढा वाहतो आणि बांधाच्या पलीकडं फुफाटा असतो.

जुन्या वह्या पाहायला मी परत गेलो. महसुलात कागदाची वर्गवारी असते: ‘अ’ कायम ठेवायचा, ‘ब’ तीस वर्षं, पुढचे त्याहून कमी, ‘ड’ वर्षभरात मोकळा. रुमालात बांधलेल्या काही वह्या मिळाल्या, इंच-सेंटांतल्या (सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग), निळ्या शाईच्या. काहींचं नुसतं पुठ्ठ्याचं वेष्टन. मिळाल्या त्या वाचताना माझं लक्ष सारखं उजवीकडच्या शेऱ्याच्या रकान्याकडं गेलं. ‘मापनळी फुटली.’ ‘रात्री गारा.’ ‘लिंबाची फांदी तोडली.’ ही शेवटची नोंद म्हणजे सोनं. पर्जन्यमापकाजवळ झाड वाढलं की पाऊस कमी मोजला जातो; अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. म्हणजे त्या फांदीआधीच्या काही वर्षांचे आकडे थोडे कमी धरलेले असू शकतात. पुण्याला आकडे गेले, शेरे वहीतच राहिले.

आमच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पावसाचा आकडा वहीत थांबत नाही. गावच्या पर्जन्यमापकावरून पोपटराव पवारांच्या पुढाकारानं पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढं मांडला जातो आणि त्यावरून कुठलं पीक घ्यायचं ते गाव ठरवतं. तिथं आकडा चुकला तर कांदा चुकतो, म्हणून तो तपासायला माणसं असतात.

आमच्या कचेरीतल्या वह्यांचे फोटो काढायचं आता ठरलं आहे. महाविद्यालयातली भूगोलाची मुलं येणार आहेत, मोबाइल घेऊन. आकडे भरायचा तक्ता त्यांनी करून आणला होता: दिनांक, ठिकाण, मिलिमीटर. मी त्यांना चौथा रकाना काढायला लावला, आणि इंच-सेंट आहे तसाच उतरवा, गुणाकार आपण मागाहून करू, असं सांगितलं.